शिशाचे फूल

गुरुवारी दुपारच्या जेवणाला भागचंदशेठ न बोलावता आले. त्यांनी आधी वरणाची, मग भाकरीची आणि सर्वांत शेवटी रमाबाईंच्या प्रकृतीची स्तुती केली, तेव्हाच रमाबाईंच्या ध्यानात आले की आपल्या फुलाला भाव चढला आहे.

फूल शिशाचे होते. नेमके सांगायचे तर शिसे, कथिल आणि अँटिमनी यांच्या मिश्रणाचे. रमाबाईंचे धाकटे दीर केशवराव ते प्रमाणासह सांगत, आणि कोणी विचारले नाही तरी सांगत. लग्नपत्रिकेच्या चौकटीला छापखान्यात जे लहान फुलांचे खिळे, म्हणजे धातूचे ठसे, वापरतात त्यांपैकीच ते एक. पोलिस ॲक्शननंतरच्या वर्षी देशमुखांनी नव्या जालन्यातल्या आपल्या कोठीच्या आवारात ‘कुंडलिका’ साप्ताहिक सुरू केले, आणि पहिल्या सहा महिन्यांत केशवराव आणि थोरले काकासाहेब या दोन्ही भावांनी एकमेकांचा मजकूर इतक्या वेळा काढला आणि घातला की शुक्रवारचा अंक सोमवारी निघू लागला. त्या वर्षीच्या खंडेनवमीला वडिलांनी, आबासाहेबांनी, छपाईच्या यंत्राला हळदकुंकू वाहिले, खिळ्यांच्या खणातून मूठभर फुले उचलली आणि घरातल्या प्रत्येक सज्ञान माणसाला एकेक दिले. बायकांनाही दिले, कारण अंक शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारी माणसे घरात त्याच होत्या.

नियम थोडे होते. फूल वर्षातून एकदाच वापरायचे, दर खंडेनवमीला नवे मिळायचे. गुरुवारी फर्मा, म्हणजे जुळवलेल्या पानाची चौकट, आवळण्यापूर्वी छापखान्यात जाऊन नको त्या मजकुरावर ते स्वतःच्या हाताने ठेवायचे. तो मजकूर त्या अंकातून जातो आणि पुन्हा कधीही छापला जात नाही. कारण सांगायचे नाही आणि कोणी विचारायचे नाही. आबासाहेब जाऊन चार वर्षे झाली होती, पण नियमात काना-मात्रेचाही फरक पडला नव्हता.

रिकाम्या झालेल्या जागी भागचंद नवलकिशोर यांच्या सरकी-पेंडीची जाहिरात जात असे. तिचे लहान, मध्यम आणि मोठे असे तीन ठोकळे छापखान्यात कायम तयार असत आणि तिन्हींवर एकच ओळ होती: ‘खात्री म्हशीकडे करावी.’ करार लहान जाहिरातीचा होता. मध्यम किंवा मोठी दिसली की जालन्याला कळे, देशमुखांच्या घरात कोणीतरी फूल ठेवले. आणि मग बाजारात दोन दिवस काय काढले असेल याची चर्चा चाले. आपल्या धंद्याची वाढ देशमुखांच्या मतभेदांवर अवलंबून आहे, असे भागचंदशेठ म्हणत, आणि ते अगदीच खोटे नव्हते.

केशवरावांचे या वर्षीचे फूल केव्हाच संपले होते. हैदराबादेत रसायनशास्त्राची पदवी घेतलेला हा संपादक दरवर्षी खंडेनवमीनंतरच्या पहिल्याच अंकात आपले फूल राशिभविष्यावर ठेवी. त्या आठवड्यात जालना भविष्याविना राही, कोणाचेही काही बिघडत नसे, आणि केशवराव हे निरीक्षण पुढच्या गुरुवारी जेवताना मांडत. निष्कर्ष दरवर्षी तोच येई. पुढच्या आठवड्याचे भविष्य हा नवा मजकूर असल्याने तेही परत येई. काकासाहेबांच्या मुलीने, रजनीने, जिला या वर्षी पहिल्यांदाच फूल मिळाले होते, ते मार्गशीर्षात स्वतःच्या साखरपुड्याच्या बातमीवर ठेवले. नियमाप्रमाणे कोणी काही विचारले नाही, बातमी कधीच छापता येणार नव्हती, आणि न छापलेला साखरपुडा फार दिवस टिकत नाही. ती औरंगाबादला कॉलेजात परत गेली. राहिली तीन फुले: एक काकासाहेबांचे, एक त्यांच्या पत्नी रमाबाईंचे, एक केशवरावांच्या पत्नीचे, शरयूचे.

आणि या आठवड्याच्या पहिल्या पानावर केशवरावांचा अग्रलेख होता: ‘या घराला मत देऊ नका.’

घर हेच. काकासाहेब, म्हणजे थोरले जगन्नाथराव, पाच वर्षे आमदार होते. पक्षाने त्यांना पुन्हा तिकीट दिले होते, आणि अर्ज मागे घेण्याची मुदत सोमवारी संपत होती. गेल्या वर्षी पक्षाच्या बैठकीत त्यांनी मराठी-गुजराती द्वैभाषिक राज्याच्या बाजूने हात वर केला होता. मराठी माणसाचे राज्य एक व्हावे असे सात वर्षे लिहिणाऱ्या वर्तमानपत्राच्या मालकाने तो हात वर केला, हे केशवरावांना गिळता आले नव्हते. त्यांनी भावाला आधीच सांगून ठेवले होते की अग्रलेखावर फूल पडले तर ते पुण्याला जातील. तिथल्या एका कॉलेजातली शिकवण्याची जागा दोन वर्षांपासून त्यांची वाट पाहत होती. धमकी म्हणून नव्हे. ज्या पत्रात लिहिता येत नाही त्याचे संपादक म्हणवून घेता येत नाही, एवढाच त्यांचा हिशेब होता. बिछान्याचा वळकटीपट्टा त्यांनी बुधवारीच माळ्यावरून काढला होता.

ज्याच्याविरुद्ध छापायचे त्याला ते आधी तोंडावर वाचून दाखवायचे, हीही त्या घराची रीत. जेवणे झाल्यावर केशवरावांनी अग्रलेख वाचला. आवाज चढवला नाही, थांबले नाहीत. काकासाहेब सुपारी कातरत ऐकत होते. वाचन संपल्यावर त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

“दुसऱ्या परिच्छेदात तू म्हणतोस बैठक मुंबईत झाली. बैठक हैदराबादला झाली.”

“दुरुस्त करतो, दादा.”

“बाकी भाषा चांगली आहे.”

भागचंदशेठनी पानाचा डबा उगीचच उघडून मिटला. काकासाहेब वामकुक्षीला गेले. जाताना त्यांनी कोटाचा डावा खिसा चाचपला, हे तिघांनी पाहिले. फूल त्या खिशात असे.

भागचंदशेठ येण्याचे खरे कारण त्यानंतर निघाले. तीस वर्षांचा घरोबा होता, वर्तमानपत्राचा कागदही त्यांच्याच ओळखीने येई, त्यामुळे त्यांनी आडवळण घेतले नाही. त्यांचे म्हणणे असे की काकासाहेबांनी स्वतः फूल ठेवले तर सारे जालना म्हणेल, थोरल्याने धाकट्याचे तोंड दाबले. तेच फूल वहिनींनी ठेवले तर तो घरातल्या बाईमाणसाचा विषय होतो. अग्रलेख जातो, काकासाहेबांचे हात स्वच्छ राहतात, आणि केशवराव वहिनींवर रागावून घर सोडणार नाहीत.

“तुमच्यावर तो रागावूच शकत न्हाई, भाभीजी,” भागचंदशेठ म्हणाले. “मी बराबर बोलून राह्यलो का न्हाई?”

रमाबाईंनी मान्य केले की ते बरोबर बोलत होते. हेच त्यांना आवडले नाही. आपल्यावरच्या प्रेमाचा कोणी असा उपयोग सुचवावा, आणि सुचवणाऱ्याचा तर्क निर्दोष असावा, याचे त्यांना दुःख झाले. विचार करते, एवढेच त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

स्वयंपाकघरात शरयू त्यांचीच वाट पाहत होती. लग्न होऊन आल्यापासून अंकाची सारी प्रुफे तीच तपासत असे, त्यामुळे बोलतानाही तिला वाक्य पूर्ण करण्याची सवय लागली होती. तिने सांगितले की अग्रलेख गेला तर तीही आपले फूल ठेवील, काकासाहेबांच्या ‘मतदारांस विनंती’वर. ती विनंती त्याच पानावर, अग्रलेखाच्या शेजारी होती.

“मंग पहिल्या पानावर काय उरेल?” रमाबाईंनी विचारले.

“भागचंदशेठ उरतील, अक्का. वरपासून खालपर्यंत.”

दोघीही हसल्या. मग शरयू हसायची थांबली. तिला पुण्याला जायचे नव्हते. हे ती नवऱ्याला सांगू शकत नव्हती, कारण त्याचे म्हणणे तिला पटत होते. आणि पटलेल्या गोष्टीविरुद्ध रडणे तिला अप्रामाणिक वाटे. तिने भांड्यांकडे पाहत सांगितले की वळकटी बांधून झाली आहे, आणि केशवराव गेले दोन दिवस जेवताना या घरातली भाकरी शेवटची असल्यासारखे जेवून राह्यले आहेत.

रमाबाई चुलीपाशी बसल्या आणि त्यांनी गणित मांडले. केशव राहायचा तर अग्रलेख छापला जायला हवा होता. नवऱ्याच्या हातातले फूल काढून घेता येत नव्हते. स्वतःचे फूल कशावरही ठेवले तरी अग्रलेख बचावत नव्हता, कारण फुलाने मजकूर जातो, राखला जात नाही. म्हणजे एकच वाट राहिली: काकासाहेबांना त्यांचे फूल दुसरीकडे ठेवायला लावायचे. त्यासाठी अंकात असा काही मजकूर हवा, जो त्यांना अग्रलेखापेक्षाही सहन होणार नाही. काकासाहेबांना चुकीचे म्हटलेले चाले. रझाकारांच्या दिवसांत तुरुंगात असताना त्यांना पुष्कळांनी पुष्कळ म्हटले होते. चालत नसे ते एकच. घरात ते कसे असतात, हे बाहेर कळणे. धोतराचा सोगा विस्कटलेला असताना ते खिडकीत उभे राहत नसत.

तो मजकूर लिहू शकेल अशी बाई एकच होती, आणि तिने आजवर धोब्याच्या हिशेबापलीकडे काही लिहिले नव्हते.

रमाबाईंनी तो दुपारी लिहिला. सुरुवात युक्ती म्हणून केली. अर्ध्यावर त्यांच्या लक्षात आले की आपण युक्ती विसरलो आहोत. तरीही पुरा केला. मग पदर सावरून मागच्या दाराने छापखान्यात गेल्या आणि कागद श्रीपतीच्या हातात दिला. श्रीपती मुख्य जुळारी, खिळे जुळवणारा. आबासाहेबांच्या वेळेपासून फर्मा त्याच्याशिवाय कोणी आवळत नसे. स्थानिक वृत्ताला ठेवलेली पहिल्या पानाच्या खालच्या अर्ध्यातली जागा याला द्यावी, जुळणी त्याने स्वतःच करावी आणि प्रूफ शरयूला न देता मालकांनाच दाखवावे, असे त्यांनी सांगितले.

“तू वाचशील, त्याला इलाज न्हाई,” त्या म्हणाल्या.

“मी उलटं जुळवतो, बाईसाहेब. उलटं वाचलेलं ध्यानात ऱ्हात न्हाई.”

हे खरे नव्हते, आणि दोघांनाही ते माहीत होते.

दिवेलागणीपूर्वी काकासाहेब छापखान्यात आले. निर्णय करूनच आले होते. वामकुक्षीत झोप लागली नव्हती, आणि त्या तासाभरात त्यांनी स्वतःशी कबूल केले होते की अग्रलेखात एका गावाचे नाव सोडले तर चूक नाही. तरीही घराच्या पत्राने घराविरुद्ध लिहायचे, तेही मतदानाच्या तोंडावर, हे त्यांच्या बुद्धीला नव्हे पण छातीला झेपत नव्हते. केशव पुण्याला जाईल. जाऊ दे, असे त्यांनी मनाशी म्हणून पाहिले. दुसऱ्यांदा म्हणता आले नाही.

सपाट दगडावर पहिल्या पानाचे खिळे मांडलेले होते. वर डावीकडे अग्रलेख, उजवीकडे त्यांची विनंती. काकासाहेबांनी अग्रलेखाचे दुरुस्त प्रूफ उचलले आणि बैठकीचे गाव बरोबर झाले आहे हे पाहून घेतले. केशवला वाक्य कसे तोडावे हे त्यांनीच शिकवले होते, कंदिलाच्या उजेडात, तो आठ वर्षांचा असताना; लहान वाक्यात खोटे लपत नाही, असे सांगून. अग्रलेखात एकही लांब वाक्य नव्हते. त्यांनी खिशात हात घातला.

“मालक, खाली एक नवा मजकूर हाय,” श्रीपती म्हणाला. “दुपारी आल्ता. तुमाला दाखवल्याबिगर आवळू नको म्हनलेत.”

मथळा होता ‘आमचे उमेदवार’. लेखकाच्या जागी ‘एक मतदार’ असे होते. काकासाहेब उभ्याने वाचू लागले, आणि तिसऱ्या वाक्याला कागदाच्या गठ्ठ्यावर बसले.

‘माझे यजमान या मतदारसंघातून उभे आहेत. त्यांच्याविषयी इतर लोक लिहितात ते त्यांचे मत असते. मी लिहिते ते मी पाहिलेले आहे. त्यांना नाही म्हणता येत नाही. धाकट्या भावाला शिकायचे होते तेव्हा त्यांना नाही म्हणता आले नाही आणि त्यांनी स्वतःचे वकिलीचे शिक्षण सोडले. हे त्यांनी त्याला कधी सांगितले नाही. गेल्या वर्षी पक्षाने हात वर करा म्हटले तेव्हाही त्यांना नाही म्हणता आले नाही. दोन्ही वेळा घरी आल्यावर त्यांना झोप आली नाही, पण पहिल्या वेळी ते आनंदाने जागे होते. हात वर केल्यावर आठवडाभर त्यांनी स्वतःच्या वर्तमानपत्रातले फक्त राशिभविष्य वाचले.

‘पाच वर्षांत ते घरी पाहुण्यासारखे आले. मी त्यांना चहा पाहुण्यांच्या कपात देऊ लागले आणि ते त्यांच्या लक्षात आले नाही. त्यांचा पितळी पेला फडताळात आहे. ज्याला नाही म्हणता येत नाही अशा माणसाला सभागृहात पाठवू नये. असा माणूस घरात मात्र फार चांगला असतो. मला तो परत हवा आहे. तरी मतदारांनी त्यांना मत न दिल्यास मी सर्वांची आभारी राहीन.’

काकासाहेबांनी ते दोनदा वाचले. दुसऱ्यांदा वाचताना चष्मा काढून पुसला, कारण त्यावर छापखान्याची धूळ बसते.

“हे कोणी वाचलं, श्रीपती?”

“कोनी न्हाई, मालक.”

“शरयूनं?”

“बाईसाहेबांनी तुमालाच दाखवाया सांगितलं.”

“आणि तू?”

श्रीपतीने पुन्हा एकदा उलट्या वाचनाचा सिद्धांत सांगितला. काकासाहेबांनी मान हलवली. बाहेर स्टेशनात गाडी शिरत होती. एक लेख छापला तर आमदारकी जाणार होती. दुसरा छापला तर उद्या स्टेशनच्या बाकावर, पानाच्या दुकानात, कुंभार पिंपळगावच्या बाजारात लोक तो एकमेकांना वाचून दाखवणार होते. फूल एकच होते. त्यांनी ते खिशातून काढले, अंगठ्याने त्याच्या पाकळ्या चाचपल्या, आणि दगडाजवळ गेले.

ज्याचा मजकूर त्याने फूल ठेवायच्या वेळी छापखान्यात थांबायचे नाही असा नियम असल्याने केशवराव वरच्या खोलीत होते. वळकटी दाराशी उभी होती. शरयू दिव्याची काच पुसत होती. ती आधीच स्वच्छ होती. यंत्र सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा दोघांनी एकमेकांकडे पाहिले नाही. पहिली प्रत नेहमी संपादकाकडे येई. ती आली, घडी घातलेली. पहिल्या पानाचा खालचा अर्धा भाग वर होता. त्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भागचंद नवलकिशोर होते, मोठ्या ठोकळ्यात, आणि खाली म्हशीकडे खात्री करण्याची विनंती.

केशवरावांनी घडी उलगडली नाही. पुरावा पुरेसा होता. ते उठले आणि पट्ट्याचे बक्कल आवळू लागले.

“दादांनी ठेवलं फूल,” ते म्हणाले. “त्यांचा हक्क आहे. सकाळच्या गाडीनं निघू.”

शरयूने प्रत उचलली. प्रूफ तपासणाऱ्याची सवय. छापलेला कागद न वाचता खाली ठेवणे तिला जमत नसे. तिने घडी उलगडली आणि पान वरून वाचत आली.

“अहो. बैठक हैदराबादलाच झालीय.”

“काय?”

“दुसरा परिच्छेद. दुरुस्ती बराबर लागलीय.”

केशवराव तिच्या खांद्यावरून वाकून पाहू लागले. अग्रलेख होता. मथळ्यापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत होता. शेजारी ‘मतदारांस विनंती’ही होती. त्यांनी तो स्वतःचाच लेख पहिल्या ओळीपासून वाचून काढला, जणू कोणा दुसऱ्याचा असावा. मग त्यांनी खालच्या जाहिरातीकडे पाहिले आणि शास्त्रज्ञाला पडायला हवा तो प्रश्न त्यांना पडला: हे राहिले, तर गेले काय?

विचारायची सोय नव्हती. शरयू मात्र जाहिरातीकडे पाहत नव्हती. ती खाली बसून बक्कल सोडत होती, आणि ते नीट सुटत नव्हते, कारण नवऱ्याने ते फार जोरात आवळले होते.

शुक्रवारी सकाळी हाच प्रश्न साऱ्या जालन्याला पडला. भाऊ भावाविरुद्ध असे लिहितो आणि भाऊ ते छापू देतो, यावर लोकांनी थोडाच वेळ खर्च केला. मोठ्या ठोकळ्यावर मात्र बाजार अडला. ज्याने हे राहू दिले त्याने काढले ते काय असेल? त्या आठवड्यात सरकी-पेंडीकडे जालन्याने जितके लक्ष दिले तितके आधी किंवा नंतर कधी दिले नाही. भागचंदशेठ आठाच्या आत कोठीवर हजर झाले. ते चिडलेले होते, कारण निवडणूक हातची गेली होती. आणि प्रसन्न होते, कारण जाहिरात एवढी मोठी कधी निघाली नव्हती. दोन्ही भावना त्यांच्या चेहऱ्यावर आळीपाळीने येत होत्या.

माजघरात काकासाहेब आणि केशवराव चहाला बसले होते. शरयू अंक चाळत होती. रमाबाई शेगडीपाशी उभ्या होत्या आणि पहाटेपासून नवऱ्याकडे पाहत नव्हत्या. त्यांची युक्ती साधली होती. अग्रलेख छापला गेला, केशव राहिला, आणि त्यांनी लिहिलेले कोणीही वाचणार नव्हते. ठरवले होते ते तसेच झाले होते. मग वाईट का वाटावे, याचे उत्तर त्यांना सापडत नव्हते. काकासाहेबांना ते हसण्यासारखे वाटले असेल. लाजिरवाणे वाटले असेल. म्हणूनच तर लिहिले होते.

भागचंदशेठनी बसायच्या आतच विषय काढला. नियम आपल्याला लागू नाही, आपण घरचे असलो तरी देशमुख नाही, असे म्हणून त्यांनी काकासाहेबांना सरळच विचारले की अग्रलेख ठेवला, मंग काढलं काय.

“खात्री म्हशीकडे करावी,” काकासाहेब म्हणाले.

केशवरावांना ठसका लागला. शरयूने त्यांच्या पाठीवर हात फिरवला. भागचंदशेठ स्वतःच्याच ओळीवर हरले आणि त्यांनी सोमवारकडे मोर्चा वळवला: आता अर्ज मागे घेणेच शहाणपणाचे, निदान पडल्याची बदनामी तरी टळेल. केशवरावांनीही मान खाली घालून तेच सुचवले. अग्रलेख लिहिताना त्यांनी पराभवाचा विचार केला होता. पराभूत होणारा भाऊ सकाळी समोर बसून चहा पिईल याचा केला नव्हता.

“न्हाई,” काकासाहेब म्हणाले.

हा शब्द त्यांच्या तोंडून इतका क्वचित निघे की रमाबाईंनी वळून पाहिले.

“मी उभा राहणार. मी माघार घेतली तर केशवनं हे लिहिलं कोणाविरुद्ध? चांगला अग्रलेख आहे. त्याच्यासमोर उमेदवार पायजे.” ते भागचंदशेठकडे वळले. “लोकांनी वाचावं आणि पाडायचं तर पाडावं. पडलो तर घरीच आहे.”

केशवरावांनी चष्म्याची काडी सारखी केली.

“दादा, वकिली तुम्ही...” ते म्हणू लागले, आणि आपण हे आत्ताच का विचारतो आहोत हे न कळून थांबले. काल रात्री जागेपणी त्यांना लहानपणीचा कंदील आठवला होता आणि त्यामागून भावाची बांधून ठेवलेली कायद्याची पुस्तके. प्रश्न अर्ध्यावरच राहिला. काकासाहेबांनी तो ऐकला नाही असे दाखवले, आणि पत्नीकडे पाहिले.

“एक चूक राहिली होती,” ते म्हणाले. “त्या आठवड्यात मी फक्त भविष्य वाचलं न्हाई. भागचंदची जाहिरातही वाचली होती.”

“कशात चूक?” केशवरावांनी विचारले. “कोणता आठवडा?”

काकासाहेबांचा हात कोटाच्या डाव्या खिशावर होता. फूल तिथून गेले होते. त्या जागी घडी केलेल्या प्रुफाचे टोक दिसत होते, आणि घडी एवढी लहान केलेली होती की ती पुष्कळदा उघडून मिटली असावी. रमाबाईंनी ते पाहिले. जालन्यातला प्रत्येक माणूस जे वाचू इच्छित होता, ते त्यांच्या नवऱ्याने लाजेने काढले नव्हते. पुन्हा कधीच छापले जाऊ नये म्हणून काढले होते. ते एका माणसाला लिहिलेले होते, आणि पोचले होते.

त्यांनी कपात चहा ओतला आणि बशीसह पुढे ठेवला. काकासाहेबांनी कप उचलला नाही. तो त्यांनी बोटाने हळूच भागचंदशेठकडे सरकवला.

“हा पाहुण्यांचा. माझा पेला कुठंय?”

रमाबाई फडताळाकडे गेल्या. मागच्या रांगेतून त्यांनी पितळी पेला काढला. आत काहीतरी किणकिणले. त्यांनी तो तळहातावर उपडा केला तेव्हा त्यातून या वर्षीचे न वापरलेले फूल बाहेर पडले. एवढ्या वर्षांत ते ठेवायला त्यांना दुसरी जागा सुचली नव्हती.

“वहिनी, तो तसाच देऊ नका,” केशवराव घाईने म्हणाले. “त्यात शिसं होतं. आधी राखेनं घासा. दोनदा घासा.”

रमाबाईंनी तो तीनदा घासला, आणि तोवर काकासाहेब चहाविना थांबले.